तोंडावर सांगायचं गाणं

आधी माफी मागतो. एखाद्या माणसाबद्दल लिहावं इतकं माझं वय नाही, आणि वाचन तर त्याहून कमी. आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं ते माझं पहिलीचं. त्यात मी लिहिणार एका जर्मन बाईबद्दल, जिच्या गाण्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी वहिनींनी "तू लिहीच" म्हणून तगादा लावला, आणि या गोष्टीतला अर्धा अपराध त्यांचाही आहे, म्हणून नाही म्हणता आलं नाही. आणखी एक. ती माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी मोठी होती. गावाकडे मी तिला ताई म्हटलं असतं, अहो-जाहो केलं असतं. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत झालं, तिथे तो प्रश्नच आला नाही. इथे 'ती' लिहितो, ते सांभाळून घ्यावं. नाव लिहीत नाही.

काही सांगायचं झालं की ती आधी जवळच्या लोखंडावर दोन बोटांनी चार ठोके द्यायची. मग बोलायची. तक्रार असो, विनोद असो, "तुझी छत्री राहिली" असो, आधी चार ठोके. मी एकदा कारण विचारलं. "आधी ताल, मग तक्रार," ती म्हणाली. "नाहीतर माणूस नुसता ओरडतो."

मी दोन हजार चौदा साली नेदरलँड्समध्ये, वाखनिंगनला शिकायला आलो. दापोलीला शेतीची पदवी झाली होती, शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि विमानातला पट्टा कसा लावायचा हे शेजारच्या माणसाकडे बघून शिकलो होतो. दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मला टोमॅटोची एकशे वीस झाडं मिळाली, गावाबाहेरच्या एका काचघरात. झाडं माझ्या अभ्यासाची, पण त्यांची निगा राखायची तिथल्या कामगारांनी. माझ्या चार रांगा तिच्याकडे होत्या.

तुमच्यापैकी जे काचघरात गेले असतील त्यांना ठाऊक असेल. दोन रांगांच्या मधून गरम पाण्याचे नळ जातात आणि त्यांच्यावरून रुळांवर चालावी तशी एक उंच गाडी चालते. कामगार तिच्यावर उभा राहतो, वेल सुतळीभोवती गुंडाळतो, बगलेतले फुटवे खुडतो आणि पुढे सरकतो. बहुतेकजण कानात गाणी लावून हे काम करत. तिच्या कानात काही नसे. ती स्वतःशीच बोलायची. झपाझप, एका सुरात, मान किंचित हलवत. रांगेच्या टोकाला पोचली की थांबायची, खिशातल्या कागदावर एखादा शब्द खोडायची आणि गाडी वळवायची. पहिले दोन आठवडे मला वाटलं, बाई प्रार्थना म्हणते. तसं मी तिला विचारलंही.

ती इतकी हसली की गाडी हलायला लागली. "प्रोफेसर," ती म्हणाली (पहिल्या दिवसापासून मी प्रोफेसर होतो), "माझ्या प्रार्थनेतल्या शिव्या तुला कळत नाहीत हे फार बरं आहे."

तिची मला झालेली मदत आधी सांगतो. माझ्या रांगांमधलं तापमान कोणीतरी दोन अंशांनी कमी केलं होतं. प्रयोग बिघडत होता. मुकादमाला सांगायला हवं होतं, पण मुकादम म्हणजे सहा फुटांचा डच माणूस, आणि मी त्याच्यासमोर उभा राहिलो की आधी "सॉरी" म्हणायचो. मी तिच्यापाशी रोज कुरकुर करू लागलो. तिसऱ्या दिवशी ठोके पडले.

"हे मला का सांगतोस? तोंडावर सांग."

"तो रागावला तर?"

"रागावेल. मग? तुझी मान घरी घेऊन जाईल?"

मग तिने मला रांगेतून चालत तेच वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं. वाक्याच्या मध्ये माझा श्वास संपायचा आणि शेवटचे शब्द पोटात जायचे. "श्वास आधी घे, शब्द नंतर," ती वरून म्हणायची. "तू शब्द घेऊन निघतोस आणि श्वास शोधत बसतोस." अकराव्या वेळी मी जाऊन मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा. उद्या करतो." आणि कॉफी प्यायला गेला. तीन दिवसांची कुरकुर अर्ध्या मिनिटात संपली. परत आलो तर ती फुटवे खुडत होती. "मान आहे ना जागेवर?" एवढंच विचारलं.

ती कोण होती हे मला एका ट्रकवाल्यामुळे कळलं. परागीभवनासाठी भुंग्यांच्या पेट्या घेऊन एक जर्मन माणूस यायचा. त्या दिवशी नेहमीचा नव्हता, दुसरा होता, चाळिशीचा. पेटी ठेवता ठेवता त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम शाळकरी झाला. त्याने काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. ती हो होती की नाही हे मला कळलं नाही, त्याला मात्र हो वाटलं. तो तिथेच, हातात पेटी घेऊन, गाऊ लागला. म्हणजे तालात बोलू लागला. मध्येच एका शब्दावर तो मुद्दाम अडखळायचा, तेच अक्षर चारपाच वेळा उच्चारायचा आणि खदखदून हसायचा. तिने साथ द्यावी म्हणून हाताने खुणाही करत होता.

ती फुटवे खुडत राहिली. त्याच्या गाण्याच्या पुढे दोन झाडं गेली, तीन गेली. शेवटी तो गप्प झाला, थोडा ओशाळला, तिच्या हातात कागद देऊन सही मागितली. तिने सही केली. तो गेल्यावर मी पाहिलं, तिने तीन झाडांचे शेंडेच खुडून टाकले होते. शेंडा गेला की झाड तिथेच थांबतं. माझ्या प्रयोगातली ती तीन झाडं होती. "ही धरू नकोस," ती म्हणाली. "माझ्यामुळे गेली असं लिही."

संध्याकाळी मी इंटरनेटवर तिला शोधलं. एक जुना व्हिडिओ सापडला. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, केस एका बाजूने भादरलेले, समोर हजारो लोक. जर्मनीत रॅप करणाऱ्या बायका तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यातली ती एक, असं खाली कोणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं. गाणं तेच, ट्रकवाल्याचं. आणि त्या अडखळण्याच्या जागी ती माइक गर्दीकडे करायची आणि सगळी गर्दी अडखळायची.

आता वहिनी. ज्यांच्याकडे मी रविवारी जेवायला जायचो त्या दादांच्या त्या पत्नी. दादा संगणकवाले, नोकरीसाठी इथे आलेले, वहिनी त्यांच्या व्हिसावर. पुण्यात असताना त्यांनी जर्मनच्या चार परीक्षा दिल्या होत्या, "आणि नशीब काढलं ते डच बोलणाऱ्या गावात," असं त्या दर रविवारी म्हणत. मी त्यांना गाणं ऐकवलं. त्यांनी दोन कडवी ऐकली, पोळीचं पीठ हाताला तसंच.

"अरे, हे मी तुला मराठीत कसं सांगू?"

"साधारण सांगा."

"साधारण म्हणजे... कोणाची तरी इज्जत काढतेय. तिची आई, तिचं घर, तिचे कपडे. आणि हे जे त-त-त आहे ना, ती नक्कल आहे. ती दुसरी बोलताना अडखळते, असं." वहिनींनी फोन बंद केला. त्यांची सात वर्षांची मुलगी आतून डचमध्ये "परत लाव" म्हणून ओरडली. तिला ते त-त-त फार आवडलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी विचारायचं नाही असं ठरवून गेलो आणि पहिल्या रांगेतच विचारलं. तिने गाडी थांबवली नाही. तिची सगळी हकिगत मी अशी खाली चालत, वर बघत ऐकली आहे.

कोळशाच्या खाणींचं गाव. बाप ट्रामचालक. त्याच इमारतीत, एक मजला वर, तिची मैत्रीण. मैत्रीण लहानपणापासून तोतरी बोलायची. दुकानात पाव मागायलाही हिला पाठवायची. एक दिवस दोघींना कळलं की तालात बोललं तर ती अडखळत नाही. एकदाही नाही. म्हणून दोघी रॅप शिकल्या. "लोकांना वाटतं आम्हाला गाणारणी व्हायचं होतं. आम्हाला पाव मागायचा होता," ती म्हणाली. तरुणांच्या क्लबच्या तळघरात मुलं माइक द्यायची नाहीत, दिला तर मध्येच बंद करायची. या दोघी एकमेकींच्या ओळी पुऱ्या करायच्या. एकीचा श्वास संपला की दुसरी उचलायची, त्यामुळे मध्ये शिरायला कोणाला फटच मिळायची नाही.

मग एक निर्माता आला. म्हणाला, दोन मुली विकल्या जात नाहीत, एक विकली जाते. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. त्या क्षेत्रात एकमेकांना गाण्यातून चीत करायची पद्धतच आहे, त्यामुळे त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. दोघींनी एकमेकींवर गाणं करायचं ठरलं. मैत्रिणीने हिच्या उंचीवर आणि बुटांवर केलं. हिने ते गाणं केलं.

"मी जिंकले," ती म्हणाली. "आवाजच नाही उरला तिच्याकडे. ती जिथे उभी राहायची तिथे समोरचे लोक अडखळायला लागायचे."

पुढचं तिने भराभर सांगितलं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. तीन अल्बम, त्यातले दोन चांगले, ते कोणी ऐकले नाहीत. टीव्हीवर परीक्षक. एका शीतपेयाची जाहिरात. कुठेही गेली तरी लोकांना तेवढं एकच गाणं हवं. बत्तिसाव्या वर्षी एका जत्रेसारख्या कार्यक्रमात तिने ते म्हणायला नकार दिला, तर गर्दीने तिच्याशिवाय म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती उभी राहून ऐकत होती. त्यानंतर ती मंचावर चढली नाही. एका माणसाच्या मागे इथे जवळच आर्नेमला आली, माणूस गेला, टोमॅटो राहिले.

"मग हे रोज काय म्हणतेस?"

"तिच्यासाठी आहे. सात वर्षं झाली लिहितेय. चार मिनिटांचं."

"रेकॉर्ड कर ना. पाठव."

"ते गाणं मी सगळ्या देशासमोर म्हटलं. हे तिच्या एकटीच्या तोंडावर म्हणायचं आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या महिन्यात जाते."

मैत्रिणीच्या गावापर्यंत गाडीने दोन-अडीच तासांचं अंतर होतं. पुढचा महिना येऊन गेला. त्याच्या पुढचाही. सगळ्या जगाला तोंडावर सांगणारी बाई त्या एका बाबतीत दर वेळी एखादा शब्द खोडायची आणि गाडी वळवायची.

आता माझी चूक सांगतो. ती आमच्या गावाकडची चूक आहे.

आमच्या रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. दोन बाजू, दोन शाहीर, आणि एकमेकांना गाण्यातून असं काही सुनावतात की ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. आई-बाप, जात-गोत, काही सोडत नाहीत. माझे वडील चिरेखाणीत कामाला होते आणि आमच्या बाजूची ढोलकी वाजवायचे. आमच्या गावची रीत अशी की सामना संपला की शाहिराने शाहिराशी बोलायचं नाही. तोंड आहे, पुन्हा भडकायचं. ढोलकीवाल्याने समोरच्या बाजूला जायचं आणि "चला, पेज निवतेय" एवढंच म्हणायचं. मग दोन्ही बाजू एका पंगतीत बसून पेज पितात, आणि मांडवात बोललेलं मांडवात राहतं. दर वेळी बाबाच जायचे. लहानपणी मला वाटायचं की ढोलकी वाजवायची ती ह्या कामासाठीच.

हे मी तिला सांगितलं. ती पहिल्यांदाच गाडी थांबवून खाली उतरली.

"आणि कोणी आलंच नाही बोलवायला तर?"

"असं होत नाही."

"आमच्याकडे कोणी आलं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा वर चढली.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं माहीत नाही. मला वाटलं, हे मलाच सांगितलंय. मैत्रीण आता त्याच गावात मोटार शिकवण्याची शाळा चालवत होती. इंटरनेटवर पत्ता सापडला. रविवारी मी वहिनींच्या ओट्याशी बसून पत्र सांगितलं आणि त्यांनी ते जर्मनमध्ये उतरवलं. "काळजीपूर्वक लिहा हं," मी म्हणत होतो, आणि "गप रे, विभक्ती चुकेल माझी," त्या म्हणत होत्या. पत्रात लिहिलं की मी भारतातला विद्यार्थी आहे, मला जर्मन येत नाही, तुमची मैत्रीण माझ्याबरोबर टोमॅटोच्या काचघरात काम करते, तिला तुम्हाला काही ऐकवायचं आहे, आमच्याकडे अशा वेळी तिसरा माणूस बोलवायला जातो म्हणून मी लिहितो आहे. दादा म्हणाले, "अरे, त्या बाईला विचारलंस का?" वहिनी म्हणाल्या, "विचारून कोणी समेट करतं का?" पत्र गेलं.

उत्तर आलं नाही. पाच आठवडे झाले आणि माझ्याने राहवेना. मी तिला सांगितलं. तिच्याकडून शिकलो होतो तसं, श्वास आधी घेऊन.

तिने ठोके दिले नाहीत.

"मला विचारलंस?"

"नाही."

"काय लिहिलंस?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तिच्याबद्दल मी सगळ्यांना सांगितलं, तिला न विचारता," ती म्हणाली. "तू माझ्याबद्दल तेच केलंस. हेतू चांगला होता, कळतं मला. तोंडावर सांगायला माझ्याकडे जे होतं, ते तू आधीच टपालात टाकलंस. आता मी गेले तर तू बोलावलंस म्हणून गेले असं होईल." मग गाडी पुढे गेली.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. कोणतं झाड, किती घोस. प्रोफेसर म्हणाली नाही. रांगांमधून चालताना तिचं ते पुटपुटणंही बंद झालं होतं. नळांवरून चाकं फिरल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. तो महिनाभर मी ऐकला, आणि खरं सांगायचं तर मोजमापं घ्यायला जायचं टाळू लागलो.

नोव्हेंबरात झाडं काढतात. त्या दिवशी माझी परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळ्या सुतळ्या कापलेल्या, जमीन धुतलेली, आणि इकडून तिकडच्या भिंतीपर्यंत नजर जात होती. तिचा करार संपला होता.

"माझ्यासाठी काही निरोप?" मी मुकादमाला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. डच माणूस, खोटं बोलून बरं वाटू देणार नाही. मग म्हणाला, "पुढच्या हंगामाला येणार नाही म्हणाली."

प्रबंधात मी तीन झाडं वगळल्याची नोंद केली. कारण लिहिलं, 'शेंडा खुडला गेला'. सादरीकरणात माझा श्वास एकदाही संपला नाही. नंतर द हेगजवळ एका बियाणांच्या कंपनीत नोकरी लागली. वहिनींकडे जाणं कमी झालं. गेलो की एखाद्या वेळी त्या विचारायच्या, "त्या बाईचं काही?" मी नाही म्हणायचो. मग आम्ही दोघंही थोडा वेळ भाजीकडे बघायचो. इंटरनेटवर तिचं नवं काही येत नव्हतं. जुनं गाणं होतं, त्याखाली लोक अजून हसत होते.

दोन वर्षांनी मुकादमाचा फोन आला. काचघराच्या पत्त्यावर माझ्या नावाचं पाकीट आलं होतं, उन्हाळ्यात, आणि कागदांच्या ढिगात राहून गेलं होतं. त्याने ते पाठवून दिलं. वर मोटार शिकवण्याच्या शाळेचा शिक्का होता. आत एकच पान, इंग्रजीत, कारण मला जर्मन येत नाही हे मीच लिहिलं होतं. ते इथे मराठीत देतो.

'तुमचं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं. फाडून टाकलं. पुढे चौदा महिन्यांनी ती आली. तुम्ही बोलावलं म्हणून आली नाही, हे तुम्हाला कळवायला तिने सांगितलं आहे. माझा शिकवणीचा तास चालू होता. ती मागच्या सीटवर बसून राहिली. शिकणाऱ्या बाई उतरून गेल्यावर मी गाडी बंद केली आणि तिने सगळं म्हटलं. चार मिनिटं नव्हती, सहा होती. एका जागी तिचा श्वास संपला आणि ती थांबली. पुढची ओळ काय असणार हे मला कळलं होतं. मी म्हटली नाही. तिने थोड्या वेळाने स्वतःच म्हटली. मी तिला माफ केलेलं नाही. तसं तिच्या तोंडावर सांगितलं आहे. ती दर गुरुवारी येते. स्टेशनपासून माझं घर लांब पडतं, म्हणून हल्ली तिला आणायला मीच जाते.'